प्रिंटर पान ओढतोय पण कोरंच बाहेर टाकतोय? दुकानात न्यायच्या आधी हे करून बघा

दरवर्षी जून लागला की हाच प्रकार. मे महिनाभर गावाकडं राहिलेली माणसं परत येतात, शाळा सुरू होतात, पोराच्या जात-उत्पन्नाच्या दाखल्याची नाहीतर शेताच्या उताऱ्याची प्रिंट पाहिजे असते आणि प्रिंटर चालू केला तर तो घर्र घर्र करत पान आत घेतो, कागदावर शाई सोडणारं हेड इकडून तिकडं पळतंय, आवाज सगळा बरोबर, आणि बाहेर येतंय ते पांढरंफेक पान.

मी बेळगावच्या शहापुरात मराठी माध्यमाच्या एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या मुलांची ट्यूशन घेते. आमच्या मुलांना पाहिजे तसे मराठीतले सराव पेपर इकडं सहज हाताला लागत नाहीत म्हणून मी स्वतः टाइप करते आणि घरीच छापते, त्यामुळं प्रिंटर अडला की मुलांची टेस्ट अडते. दोन वर्षांपूर्वी माझा टाकीवाला प्रिंटर असाच कोरी पानं द्यायला लागला, एका दुकानात नेला तर त्यांनी उघडूनसुद्धा न बघता हेड गेलंय म्हणून सांगितलं आणि खर्च नव्या प्रिंटरच्या जवळपास. मी तसाच घरी परत आणला आणि तो आजपर्यंत चालतोय. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कुणाचे तरी पैसे वाचतील.

सगळ्यात आधी हे ठरवा की गडबड कंप्युटरकडं आहे का प्रिंटरकडं. वर काच असलेला ऑल-इन-वन असेल तर एकदम सोपं आहे, कंप्युटरची वायर काढून ठेवा, काचेवर एखादा गडद छापलेला कागद उपडा ठेवा आणि कॉपीचं बटण दाबा. झेरॉक्स नीट आली म्हणजे शाई, हेड सगळं ठणठणीत आहे आणि दोष फाईलमधे नाहीतर सेटिंगमधे आहे. झेरॉक्सपण कोरी आली तर मग प्रिंटरकडं बघायचं. ही एवढी एक गोष्ट न करता लोक शाईच्या बाटल्या आणायला पळतात.

कंप्युटरकडचं थोडक्यात सांगते. शेवटचंच एक पान कोरं येत असेल तर ते प्रिंटरचं कामच नाही, वर्डमधे शेवटी रिकामे एंटर पडलेले असतात नाहीतर पेज ब्रेक असतो. टेबल पानाच्या अगदी तळाला संपत असेल तर त्याच्याखाली वर्ड एक रिकामी ओळ ठेवतोच, ती पुढच्या पानावर जाते, त्या ओळीचा फॉन्ट साईज १ करा की ते पान गेलं. एक्सेलमधे लांब कुठल्यातरी खान्यात नुसता स्पेस पडलेला असला तरी पानंच्या पानं कोरी निघतात, तिथं पाहिजे तेवढाच भाग सिलेक्ट करून प्रिंट एरिया सेट करा.

आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे फॉन्टचा. इकडं एकाच घरात मराठीच्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमधल्या फाईली असतात, ऑफिसातनं आलेल्या नुडी फॉन्टमधल्या कन्नड फाईली असतात, आणि पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवलेला नसला की स्क्रीनवर दिसणारा मजकूर कागदावर एकतर डबे-डबे होऊन येतो नाहीतर येतच नाही, नुसत्या चौकटी आणि शिक्का तेवढा छापला जातो. अशा वेळी ॲडोबी रीडरमधे प्रिंट दाबल्यावर ॲडव्हान्स्ड मधे जाऊन प्रिंट ॲज इमेज वर टिक करा. मग तो अक्षरं न पाठवता सगळं पान फोटोसारखं पाठवतो, जरा वेळ लागतोय पण येतं.

अजून एक पावसाळ्यातलं. छापलेल्या पानांच्या मधेमधे एखादं कोरं पान येत असेल तर ते दोन पानं चिकटून आत गेल्यामुळं. खानापूरकडं नाहीतर आपल्या बेळगावात जुलैचा पाऊस लागला की कागद इतका ओल धरतो की हाताला गार लागतो. रिमचं पुडकं उघडं ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवा, लागतील तेवढीच पानं ट्रेमधे घाला आणि घालायच्या आधी पत्ते पिसल्यासारखी फरफरवून घ्या.

आता प्रिंटरकडं येऊ. आधी डोळ्यांनी दिसणारं बघा. टाकीवाल्या प्रिंटरमधे शाई खालच्या रेघेच्या वर आहे का ते टाकीकडंच बघून ठरवा, बऱ्याच एप्सनमधे स्क्रीनवर दिसणारा आकडा नुसता अंदाज असतो. रेघेच्या खाली जाऊ दिली की नळीत हवा शिरते आणि मग टाकी भरली तरी शाई हेडपर्यंत पोचत नाही. एप्सनच्या एल २१० सारख्या जुन्या मॉडेलला बाजूला एक छोटा नॉब असतो, वाहतुकीसाठी शाई बंद करायचा, घर बदलताना फिरवलेला असतो आणि परत फिरवायचा राहून जातो, तोपण बघा. छोट्या कार्ट्रिजवाल्या एचपी-कॅननमधे नवीन कार्ट्रिज घातल्या घातल्या कोरं येत असेल तर नोझलवरची, म्हणजे शाई बाहेर येते त्या बारीक छिद्रांवरची टेप काढायची राहिलीय का ते बघा, आणि कार्ट्रिज टक्क असा आवाज येईपर्यंत बसवा.

हे सगळं बरोबर असेल तर नोझल चेक काढा. कंप्युटरवर जुन्या विंडोजमधे कंट्रोल पॅनेल, मग डिव्हायसेस अँड प्रिंटर्स, तुमच्या प्रिंटरवर राईट क्लिक, आणि विंडोज ११ मधे सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तुमचा प्रिंटर, मग दोन्हीकडं प्रिंटिंग प्रेफरन्सेस, त्यात मेंटेनन्स, तिथं नोझल चेक मिळेल. एचपीत हेच त्यांच्या ॲपमधनं प्रिंट क्वालिटीच्या नावाखाली असतं. एप्सनच्या पानावर प्रत्येक रंगाची बारीक बारीक तुटक रेघांची शिडी येते. ती नीट निरखून बघा, पिवळा उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. शिडीच्या दोन-चार पायऱ्या गायब असतील तर नोझल थोडे चोंदलेत, साध्या क्लीनिंगनं सुटतील. एकच रंग पूर्ण गायब असेल तर तो रंग सुकलाय नाहीतर त्याच्या नळीत हवा आहे. चारही रंग एकदम गायब असतील तर चारी एकाच दिवशी सुकले असं क्वचितच होतंय, तिथं क्लीनिंगच्या वेळी हेडमधनं शाई ओढणारा आतला पंप काम करत नाही नाहीतर हेडला करंटच पोचत नाही असा संशय घ्या. प्रश्नपत्रिका छापणाऱ्याला नुसता काळा गेला की सगळं पान कोरंच दिसतं, त्यामुळं हा फरक नोझल चेकशिवाय कळत नाही. ते पान फेकू नका, त्यावर तारीख घालून ठेवा.

मग हेड क्लीनिंग, तेपण त्याच मेंटेनन्समधे असतं. एकदा करा, परत नोझल चेक काढा, फरक बघा. असं जास्तीत जास्त तीन वेळा. इथंच सगळेजण चुकतात, राग येऊन दहा-दहा वेळा क्लीनिंग मारत बसतात. प्रत्येक क्लीनिंगला चांगली शाई ओढून खालच्या वेस्ट पॅडमधे, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत टाकली जाते, तो पॅड भरला की प्रिंटर काम करायचंच थांबतो आणि नवीन खर्च उभा राहतो. एप्सनवाले स्वतःच सांगतात की तीनदा करून फरक पडला नाही तर किमान १२ तास प्रिंटरला हात लावू नका. त्या १२ तासांत नळीतले बुडबुडे वर जातात, सुकलेली शाई ओल्या शाईनं मऊ होते. संध्याकाळी क्लीनिंग करायचं आणि सकाळी चहा झाल्यावर बघायचं, खरंच कितीतरी वेळा एवढ्यानंच येतं. तरी नाही आलं तर पॉवर क्लीनिंग, म्हणजे जास्त शाई ओढणारं जोराचं क्लीनिंग, पण त्याला टाकी निदान एक तृतीयांश भरलेली पाहिजे, नाहीतर उलट हवा ओढली जाते.

इथं तुमचा प्रिंटर कुठल्या जातीचा आहे ते माहीत असणं गरजेचं आहे. एचपी आणि कॅननमधे शाई तापवून तिचा बुडबुडा करतात आणि तो थेंब बाहेर ढकलतो, एप्सनमधे करंट दिला की हलणारा पिएझोचा बारीक पडदा थेंब ढकलतो. छोट्या कार्ट्रिजवाल्या एचपी-कॅननमधे हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं, म्हणजे कार्ट्रिज बदललं की हेड नवीन. पण तापवायचं काम असल्यामुळं शाई संपलेली असताना छापत राहिलात तर ते हेड जळतं. एप्सनचं हेड मशीनमधेच कायमचं बसवलेलं, ते सहसा जळत नाही, सुकतं. आणि सुकलेलं परत आणता येतं.

कार्ट्रिजवाल्यांनी असं करायचं. बशीत कोमट डिस्टिल्ड वॉटर नखभर उंचीचं घ्या, कार्ट्रिजची फक्त खालची नोझलची पट्टी त्यात दोन-तीन मिनिटं टेकवा, मग चार पदरी टिश्यूवर हलकेच दाबून धरा. टिश्यूवर शाईचा स्पष्ट ठसा उमटला, रंगीत असेल तर तीन रंगांचे तीन पट्टे, म्हणजे नोझल उघडले. तांब्याच्या पट्ट्यांना बोट लावू नका आणि त्या ओल्या असतील तर पूर्ण सुकल्याशिवाय आत घालू नका. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातला क्षार सुकून नोझलमधेच बसतो. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, मागताना डिस्टिल्ड वॉटरच पाहिजे म्हणून सांगा, तिथं ॲसिडपण असतं. थिनर, सेंट, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही वापरू नका.

आता माझा प्रिंटर कसा वाचला ते. उजव्या कोपऱ्यात हेड उभं राहतं तिथं खाली रबरी कड असलेला एक छोटा चौकोनी डबा असतो, आत स्पंज. बंद असताना हेड या डब्यावर झाकण लावल्यासारखं बसतं म्हणून शाई सुकत नाही. प्रिंटर चालू केला, हेड डावीकडं सरकलं तेवढ्यात प्लग काढला आणि मोबाईलची बॅटरी मारून बघितलं तर तो स्पंज काजळाच्या जुन्या डबीसारखा, काळाकुट्ट, वरनं चकाकणारा, सुरीनं खरवडता येईल इतका कडक. म्हणजे हेड झाकलं जातच नव्हतं आणि क्लीनिंगच्या वेळी पंपाला काही ओढताच येत नव्हतं. बिनसुईच्या सिरिंजनं मी त्यावर कोमट डिस्टिल्ड वॉटरचे पाच-सहा थेंब सोडले, दहा मिनिटांनी टिश्यूच्या टोकानं टिपून घेतलं, असं तीन-चार वेळा, जोपर्यंत स्पंज मऊ होऊन कडेचं रबर दिसायला लागलं. शेवटी डबा काठोकाठ न भरता ओला केला, प्लग लावून चालू केला म्हणजे हेड त्यावर येऊन बसलं, आणि बटणानं बंद करून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी एक क्लीनिंग केलं आणि परत तसंच उघडून बघितलं, रात्री सोडलेलं पाणी सगळं ओढलं गेलं होतं, म्हणजे पंप जिवंत. पाणी तसंच साचून राहिलं असतं तर पंप नाहीतर त्याची नळी चोंदलीय असं समजायचं. नोझल चेकवर काळ्याची अर्धी शिडी आली, दुपारी पाऊण, दुसऱ्या दिवशी पूर्ण.

हे करताना एक सांभाळा, पाणी हेडच्या पांढऱ्या चपट्या केबलवर गेलं आणि तसाच करंट दिला तर प्रिंटरच्या आतल्या सर्किट बोर्डावरचा फ्यूज उडतो, मग चारही रंग गेलेच आणि हे घरी होणारं काम नाही. थेंब फक्त स्पंजवर. थोडी जरी शंका आली तर एक दिवस उघडा ठेवून सुकू द्या.

तो स्पंज तसा का झाला होता? कारण मी प्रिंटर भिंतीवरच्या बोर्डावरनं बंद करत होते. लहानपणापासनं आपल्याला सवय, काम झालं की बोर्डावरचं बटण बंद. पण प्रिंटरला स्वतःच्या बटणानं बंद केलं तरच हेड त्या डब्यावर नीट बसल्याची खात्री असते. छापता छापता बोर्डावरनं बंद केलं किंवा लाईट गेली तर हेड मधेच उघडं राहतं, आणि आपल्याकडं मार्च-एप्रिलची कोरडी हवा, दोन-चार दिवसांत शाई खडखडीत. म्हणून आता आमच्याकडं लाईट गेली तर आली की पहिल्यांदा प्रिंटर चालू करून परत त्याच्याच बटणानं बंद करायचा, ही ड्यूटी माझ्या पोराची आहे, आणि दर रविवारी एक पान चारही रंग असलेलं छापायचं. सुट्टीला गावाला जाताना शेजारच्या वैनींकडं किल्ली असते, त्या आठवड्यातनं एकदा येऊन एक पान काढतात.

एवढं सगळं करून नाहीच आलं तर दुकान आहेच, पण जाताना तारीख घातलेली नोझल चेकची सगळी पानं बरोबर घ्या, ती बघितली की चांगल्या मेकॅनिकला अर्धं काम समजतं आणि नुसतं हेड गेलंय म्हणून कुणी गुंडाळू शकत नाही. पंप चालतोय का आणि फ्यूज बघितला का हे दोन प्रश्न नक्की विचारा. टाकीवाला प्रिंटर नेताना टाक्यांची झाकणं घट्ट लावा, तो नॉब असेल तर फिरवून शाई बंद करा, आणि ॲक्टिव्हावर पायाजवळ उभा-तिरका कोंबू नका, शाई सांडून आत केबलवर जाते. मांडीवर सपाट धरून मागं कुणालातरी बसवा नाहीतर सरळ रिक्षा करा.