क्रूझच्या थांब्यावर शहर पाहताना

जहाज बंदरात 8 तास थांबणार असले, तरी ते सगळे तास आपल्या हाती लागत नाहीत; उतरण्याच्या रांगेत, आणि जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात नांगरले असेल तर छोट्या बोटीने किनारा गाठण्यात, बराच वेळ जातो, शिवाय सुटण्याच्या साधारण अर्धा ते एक तास आधी परत चढावे लागते. मनगटावरचे घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवावे, कारण मोबाइल किनाऱ्यावर आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो आणि या दोन वेळांत कधीकधी चक्क तासाचा फरक असतो.

सर्वांत लांबचे ठिकाण आधी पाहून बंदराच्या दिशेने परतत यावे. मासळीबाजार मात्र सकाळीच गाठावा. दुपारी तिथे धुतलेले ओटे आणि आशाळभूत मांजरे, एवढेच उरते. जुनी वस्ती बहुधा धक्क्यापासून जवळ असते, त्यामुळे ती शेवटी, पायी आणि निवांत पाहता येते.

जहाजाचे कार्ड, ओळखपत्र आणि जहाज कंपनीच्या स्थानिक बंदर-प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक खिशात असावा. जहाजाने आखलेल्या सहलीत न जाता स्वतंत्रपणे फिरणाऱ्या प्रवाशाला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबत नाही आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते.