शिकवायला उभं राहण्याआधी लायब्ररीची पायरी चढा

दरवर्षी जुलैमध्ये मला दोन-तीन फोन हमखास येतात. पीएचडीसाठी अमेरिकेत येऊ घातलेली किंवा नुकतीच येऊन पोचलेली आपली मुलं-मुली. घर कुठे बघू, तूरडाळ कुठे मिळते, लायसन्सला किती दिवस लागतात, सगळं विचारून होतं आणि फोन ठेवता ठेवता हळूच येतं, "ताई, अजून एक. फॉलमध्ये मला एक कोर्स शिकवायचाय. सिलॅबस मागितलाय." तूरडाळीबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथे फक्त या शेवटच्या वाक्याबद्दल लिहिते.

आपल्याकडे सर किंवा मॅडम पहिल्या तासाला फळ्यावर चार पुस्तकांची नावं लिहितात, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. लायब्ररीतल्या दोन प्रती आधीच कुणाच्या तरी घरी गेलेल्या असतात. मग अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत शोधा, नाहीतर कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून घ्या. इथे तो झेरॉक्सवाला नाही. आणि एकेका पाठ्यपुस्तकाची किंमत शंभर-दीडशे डॉलर सहज असते. वर्गातली सगळीच मुलं श्रीमंत घरची नसतात, हे आपल्याला इथे येईपर्यंत खरं वाटत नाही. तेव्हा झेरॉक्सवाल्याचं ते काम इथे विद्यापीठाची लायब्ररी करते, आणि कायद्यात बसवून करते. फक्त तिला वेळेवर सांगावं लागतं.

याला म्हणतात कोर्स रिझर्व्ह. तुम्ही यादी द्यायची. लायब्ररी त्या पुस्तकाची प्रत कपाटातून काढून काउंटरमागे ठेवते. विद्यार्थ्याने ओळखपत्र दाखवून ती बहुधा दोन तासांसाठी घ्यायची आणि तिथेच बसून वाचायची. उशीर झाला तर अनेक ठिकाणी दंड तासावर लागतो. लेख आणि सुटी प्रकरणं मात्र स्कॅन होऊन किंवा लिंकच्या रूपात तुमच्या कोर्सच्या पानावर, म्हणजे कॅनव्हास, मूडल जे काही असेल तिथे, जाऊन बसतात. फॉल, म्हणजे वर्षाचं पहिलं सत्र, ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि अख्ख्या विद्यापीठाच्या याद्या त्याच आठवड्यात येऊन आदळतात. तुमची जुलैच्या मध्यापर्यंत गेलेली बरी, कारण छापील पुस्तक मागवायचं तर काही आठवडे जातात.

"ई-बुक आहे की लायब्ररीत!" म्हणून निर्धास्त होऊ नका. ते लायसन्स किती जणांचं आहे, हे विचारा. एकाच वाचकाचं असेल तर परीक्षेच्या आदल्या रात्री चाळिसातल्या एकाला पुस्तक दिसतं आणि बाकीच्या एकोणचाळीस जणांना "सध्या वापरात आहे" अशी पाटी. प्रकाशक विकत असेल तर लायब्ररी तीन जणांचं किंवा अमर्याद वाचकांचं लायसन्स घेऊ शकते, पण हे कुणीतरी सांगायला हवं आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. बऱ्याच मोठ्या पाठ्यपुस्तकांची ई-आवृत्ती लायब्ररीला विकतच नाहीत. तिथे लायब्ररियनशी वाद घालून उपयोग नाही, तिचेही हात बांधलेले असतात.

लिंकचंही तसंच. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचलून चिकटवला तर कॅम्पसवर चालतो. घरी बसलेल्या मुलाला तोच लेख पैसे मागतो. लायब्ररीची कायमची लिंक घ्या, जी आधी विद्यापीठाचं लॉगिन विचारते.

आता पीडीएफ. आपला हात त्यात फार सैल. आख्खं पुस्तक स्कॅन करून वर्गाला पाठवायचं हे आपल्याला चूक वाटतच नाही. त्यात कुणीतरी दिल्लीचा दाखला देतो: दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या झेरॉक्सच्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून विकल्याबद्दल २०१२ मध्ये खटला भरला, आणि २०१६ मध्ये हायकोर्टाने निकाल विद्यापीठाच्या बाजूने दिला. खरं आहे. पण तो निकाल भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या शिक्षणासाठीच्या सवलतीवर आहे; ती सवलत सामानाबरोबर विमानातून येत नाही. इथे उलट १९९१ च्या किंकोज खटल्यात प्रकरणं जोडून कोर्सपॅक विकणारं झेरॉक्सचं दुकान हरलं. इथे फेअर यूज आहे, म्हणजे परवानगी न घेता मर्यादित वापर करायची मुभा, १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात. त्यात टक्के लिहिलेले नाहीत, चार कसोट्या आहेत: वापर कशासाठी, मूळ लेखन कोणत्या प्रकारचं, किती घेतलं, आणि त्यामुळे पुस्तकाच्या विक्रीला किती धक्का बसतो. "दहा टक्के किंवा एक प्रकरण" हा नियम सगळे तोंडपाठ म्हणतात. जॉर्जिया स्टेट विद्यापीठावरच्या खटल्यात खालच्या कोर्टाने तो लावला आणि वरच्या कोर्टाने २०१४ मध्ये तो ठोकताळा नाकारला, प्रत्येक उतारा वेगळा तपासा म्हणून. हा हिशेब तुम्ही एकट्याने कशाला करायचा? प्रकरण लायब्ररीकडे द्या. त्यांच्याकडे हेच काम करणारी माणसं असतात.

माझा एक पराक्रम सांगते. पुण्याहून आणलेली अर्थशास्त्राच्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती मी मोठ्या उत्साहाने रिझर्व्हला दिली. स्वतःची प्रत अनेक लायब्रऱ्या घेतात. कव्हरवर "फक्त भारत, नेपाळ, बांगलादेशात विक्रीसाठी" छापलेलं बघून मी घाबरले होते, पण बाहेरदेशी रीतसर छापलेली प्रत विकत घेतली की ती तुमची, हे इथल्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये थायलंडहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या खटल्यात सांगितलेलं आहे. कायदा ठीक होता, पुस्तकच दगा देऊन गेलं. तिसऱ्या आठवड्यात गृहपाठ आले तर निम्म्या वर्गाने भलतीच गणितं सोडवलेली. भारतीय आवृत्तीत प्रकरणाच्या शेवटच्या प्रश्नांचे क्रमांक वेगळे होते! ज्यांनी शंभर डॉलर मोजले त्यांचं बरोबर, आणि ज्यांनी लायब्ररीत बसून वाचलं त्यांचं चूक. मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले आणि पुढच्या वर्षी ओपनस्टॅक्सचं फुकट पुस्तक लावलं. राइस विद्यापीठाचा हा उपक्रम आहे, अर्थशास्त्राचं त्यांचं पहिल्या वर्षाचं पुस्तक व्यवस्थित आहे. ते सुचवलं होतं आमच्या विषयाच्या लायब्ररियननेच, आदल्या वर्षी. मी ऐकलं नव्हतं.

ही विषयाची लायब्ररियन म्हणजे कार्डावर शिक्का मारणारी बाई नव्हे. तिच्याकडे त्या कामाची मास्टर्स पदवी असते आणि पहिल्या नावाने मेल केलेला तिला चालतो, "रिस्पेक्टेड मॅडम" नको. मेलमध्ये कोर्सचा क्रमांक, अंदाजे विद्यार्थी, पुस्तकाचा आयएसबीएन, आवृत्ती, आणि कुठलं प्रकरण कितव्या आठवड्यात, एवढं द्या. दक्षिण आशियावर काही शिकवणार असाल तर मराठी पुस्तकांबद्दलही बेधडक विचारा. पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्य-मदतीच्या योजनेखाली, भारताने धान्यापोटी दिलेल्या रुपयांतून, १९६० च्या दशकापासून भारतीय भाषांची पुस्तकं इथल्या निवडक विद्यापीठांत येऊन पडली आहेत. तुमच्या लायब्ररीत नसेल तर दुसऱ्या विद्यापीठातून तुमच्यासाठी मागवतात. फक्त अशी मागवलेली प्रत सहसा रिझर्व्हला ठेवता येत नाही.

डिसेंबरात सेमिस्टर संपलं की रिझर्व्हची यादी खाली उतरते. स्प्रिंगमध्ये तोच कोर्स असेल तर आधीच सांगा, ती पुढे सरकवतात. आणि स्वतःची प्रत आठवणीने परत आणा. माझी आणली तेव्हा लायब्ररीने बारकोड नेमका "फक्त भारत"वर चिकटवलेला होता.