'उपाशी आहे' यावर विश्वास ठेवू नका : नव्या सीएचओंसाठी (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी)

सहा महिन्यांचं ट्रेनिंग झालंय, ऑर्डर हातात आहे, तेव्हा सीबॅक फॉर्म (आजारांच्या जोखमीची प्रश्नावली) म्हणजे काय आणि एनसीडी पोर्टल (मधुमेह, बीपीसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या नोंदींचं) कसं उघडायचं हे मी सांगत बसत नाही. 25,000 मानधन आणि कामावर आधारित 15,000 पर्यंतचा मोबदला, हे गणितही तुमचं घरी दहादा मांडून झालं असेल.

मी बीएएमएस. 2022 मध्ये अकोले तालुक्यात डोंगराकडच्या एका उपकेंद्रात रुजू झाले. सुरुवातीला वाटायचं, खरी परीक्षा म्हणजे ई-संजीवनी, म्हणजे रुग्णाला व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवायची सरकारी सेवा. रेंज फक्त खिडकीपाशी. रुग्णाचं आभा (डिजिटल आरोग्य खातं) काढायला बसावं तर ओटीपी जायचा मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा चाकणला कंपनीत शिफ्टला. रडकुंडीला यायचे. पण हे सगळं महिन्याभरात हाताला बसतं, खरंच बसतं. त्याला घाबरू नका.

घाबरायचं ते चहाला.

साठीच्या एक मावशी होत्या. मधुमेह जुना, ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या औषधाची 1 मिलिग्रॅमची गोळी चालू. सकाळी नऊला आल्या. मी विचारलं, "मावशी, उपाशी आहात ना?" "व्हय बाई, सकाळपासून काय नाय खाल्लं." ग्लुकोमीटरवर 172 आलं. मी 'फास्टिंग 172' टाकलं, ई-संजीवनीवर कॉल लावला. पलीकडच्या डॉक्टरांनी आकडा पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि गोळी 2 मिलिग्रॅमची केली. सात मिनिटांत सगळं आटोपलं. मी खूश.

चौथ्या दिवशी दुपारी आशाताईंचा फोन. मावशी खुरपता खुरपता घामाघूम होऊन बांधावर बसल्यात, हात थरथरतायत, बोलणं तुटतंय. मी मीटर घेऊन पळाले. 54. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली, हे आपण सगळेच घोकतो. पण बांधावर तो आकडा बघताना माझेच हात थरथरत होते. शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी 91. गाडी करून पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नेलं. तिथल्या एमओ (वैद्यकीय अधिकारी) सरांनी गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि एकच विचारलं, "त्या दिवशी चहा घेतला होता का, आजी?"

"चहा घेतला की. चहा काय खाणं असतंय व्हय?"

दुधाचा, साखर पुढे करून केलेला, एकदा घरी आणि एकदा शेजारणीकडे. जुन्या डोसवर आणून आठवड्याने पहाटेची खरी उपाशी साखर तपासली तर 121 निघाली.

नीट समजून घ्या, कारण हे कुठल्याच मॉड्यूलमध्ये ठळक छापलेलं मला सापडलं नाही. मावशी खोटं बोलल्या नाहीत. आपल्याकडे चहा 'घेतात', खात नाहीत. मी प्रश्न खाण्याचा विचारला, त्यांनी उत्तर खाण्याचं दिलं. चूक माझी. पलीकडच्या डॉक्टरांची नाही. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डॉक्टर कधीही कॉल थांबवून 'प्रत्यक्ष दाखवा' म्हणू शकतात. पण समोर स्वच्छ 'फास्टिंग' लिहिलेलं असल्यावर त्यांना शंका यावी कशावरून? त्यांना रुग्णाचा चेहरा दिसतो, तोही रेंज असेल तर. बाकी सगळं आपण टाइप करू तेवढंच.

म्हणून आता मी विचारते, "उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?" मग एकेक निघतं. चहा, चहात बुडवलेला बटर, नातवाचं उरलेलं बिस्कीट, मिश्री (दाताला लावायची भाजलेली तंबाखू). मिश्री लावून लगेच बीपी मोजलं तर तेही वर जातं. अर्धा तास बसवा. आठ तास पोटात पाण्याखेरीज काही नसेल तरच फास्टिंग. नाहीतर सरळ रँडम (उपाशीपोटी नसलेली) लिहा, लाज वाटायचं काही नाही. आणि बोट आधी धुवून, कोरडं करून मगच टोचा. गूळ हाताळलेल्या बोटाने मीटर काहीही दाखवतो.

एक कडू गोष्ट. महिनाअखेरीला कॉलचा आकडा भरत नसला की कुणीतरी सल्ला देतंच : घरच्या माणसाचं नाव टाक, सर्दी-खोकला लिही, कॉल लाव. करू नका. पगाराच्या दोन पैशांसाठी खोट्या नोंदी करायची सवय लागली की खऱ्या नोंदीतही हात सैल पडतो. मार्गदर्शक शोधायचा तर टेलिग्रामवरच्या नोट्सवाल्या सरांकडे जाऊ नका, उपकेंद्रातल्या जुन्या एएनएम (आरोग्यसेविका) सिस्टरांच्या शेजारी बसा. आमच्या सिस्टर इंटरनेटला हात लावत नाहीत, पण कोण कुठल्या घरी चहा पितं हे त्यांना पाठ आहे. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं तर!

चुका होतील. माझ्या अजून होतात. त्या घटनेनंतर महिनाभर मी राजीनाम्याचा मसुदा मोबाइलमध्ये घेऊन फिरत होते.

मावशी अजून येतात. आता दारातूनच ओरडतात, "बाई, आज चहाबी नाय अन् मिश्रीबी नाय, लवकर टोच!"