आईवडिलांकडे राहणारी मोठी मुलं आणि घरभाड्याची सरकारी मदत: इंग्लंडात नव्याने आलेल्यांसाठी

पहिलं काम म्हणजे ई-व्हिसा (आपल्या व्हिसाची ऑनलाइन नोंद) उघडून त्यावरच्या अटी वाचणं. 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही) ही ओळ असेल, तर युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना दरमहा मिळणारी मदत, तिच्यात भाड्याचाही भाग असतो), हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची जुनी मदत), काउन्सिल टॅक्स रिडक्शन (घरावरच्या स्थानिक करात उत्पन्न बघून मिळणारी सूट) यांतलं काहीही मागू नका. स्टुडंट, ग्रॅज्युएट आणि स्किल्ड वर्कर या तिन्ही व्हिसांवर ती ओळ असतेच. कोणी ओळखीचा म्हणेल, "अर्ज करून तर बघ, फार तर नाही म्हणतील." हे ऐकू नका. व्हिसाची अट मोडल्याची नोंद झाली, तर पुढच्या अर्जाला आणि आयएलआरला (कायमच्या वास्तव्याच्या परवानगीला) त्याचा फटका बसू शकतो.

ज्यांच्याकडे आयएलआर, ब्रिटिश नागरिकत्व किंवा सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटआधी आलेल्या युरोपीय नागरिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना मिळालेला कायमचा हक्क) आहे, त्यांना ही मदत मागता येते. गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टावर येऊन स्विंडन, साउथॉलकडे स्थिरावलेली पुष्कळ कुटुंबं सेटल्ड स्टेटसमध्ये बसतात. प्री-सेटल्ड (त्याच योजनेतला तात्पुरता हक्क) असाल तर तो कागद एकटा पुरत नाही. नोकरी किंवा राहण्याचा तसाच दुसरा हक्क दाखवावा लागतो.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे मुलगी शिकून नोकरीला लागली, तरी ती घरी राहते म्हणून तिच्याकडून भाडं घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. इथला कायदा मात्र धरून चालतो की घरातलं मोठं मूल भाड्यात वाटा देतं. ते खरंच देतं का, हे कोणी विचारत नाही. आईवडिलांना युनिव्हर्सल क्रेडिटमधून भाड्याची मदत मिळत असेल आणि घरातलं मूल २१ वर्षांचं झालं, की त्या मदतीतून दरमहा ठरावीक रक्कम कापली जाते. २०२५-२६ साली ही रक्कम माणशी ९३.०२ पौंड होती. दर एप्रिलमध्ये ती बदलते, तेव्हा चालू वर्षाचा आकडा बघून घ्या.

मुलाचा पगार कितीही असो, कपात तेवढीच. पगार शून्य असला तरी तेवढीच. आणि सगळ्यांत जास्त गैरसमज ज्याचा होतो ते नीट वाचा: युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये विद्यार्थी असल्याची सूट नाही. घरून युनिव्हर्सिटीला जाणाऱ्या मुलीचा शेवटच्या वर्षात एकविसावा वाढदिवस आला, की कपात सुरू होते. जुन्या हाउसिंग बेनिफिटमध्ये पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी शिक्षण चालू असताना कपात नसायची, म्हणून जुनी मंडळी अजूनही "विद्यार्थ्याचे पैसे कापत नाहीत" असं छातीठोकपणे सांगतात. त्यांच्या वेळी ते बरोबर होतं. आज ते मुख्यतः पेन्शनच्या वयाच्या भाडेकरूंना लागू आहे, कारण त्यांना अजून हाउसिंग बेनिफिटच मिळतो. तिथे मूल पदवी घेऊन आठवड्याला १६ तास किंवा जास्त काम करू लागलं, की त्याच्या एकूण पगाराप्रमाणे कपात ठरते. पण वाढीव कपात लागू व्हायच्या आधी २६ आठवड्यांची मुभा असते.

काही घरांत कपात होतच नाही. आईला किंवा वडिलांना पिपमधला (आजारपण किंवा अपंगत्वासाठीच्या भत्त्यातला) डेली लिव्हिंगचा म्हणजे रोजच्या कामांसाठीचा भाग किंवा अटेंडन्स अलाउन्स (पेन्शनच्या वयातला तसाच भत्ता) मिळत असेल, तर मोठी मुलं घरात असूनही भाड्याची मदत पूर्ण राहते. मुलालाच पिपचा तो भाग मिळत असेल, तो कोणाची काळजी घेऊन त्यासाठीचा केअरर्स अलाउन्स हा भत्ता घेत असेल किंवा त्याच्या पदरी पाच वर्षांखालचं लेकरू असेल, तरी त्याच्यापुरती कपात नाही. ही माहिती आपण स्वतः जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या संदेशांच्या जागेत) कळवायची. विचारतील म्हणून वाट बघू नका.

मुलाला स्वतःला काय मिळतं? पूर्णवेळ शिकत असताना बहुधा काहीच नाही. स्वतःचं मूल असलेले किंवा अपंगत्वामुळे अपवादात बसणारे असे थोडेच विद्यार्थी अर्ज करू शकतात. उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणून विद्यार्थीपण संपत नाही. शेवटच्या वर्षाचा कोर्स संपला, की मात्र अर्ज करता येतो आणि त्यात आईवडिलांचं उत्पन्न बघत नाहीत. २५ वर्षांखालच्या एकट्या माणसाला २०२५-२६ मध्ये महिन्याला ३१६.९८ पौंड ही मूळ रक्कम होती. भाड्याचा भाग त्यात मिळत नाही. त्याच घरात राहून आईवडिलांना दिलेलं भाडं धरलं जात नाही, भाडेकरार केलात तरीही. म्हणून कोणी असा कागद करून देण्यासाठी फी मागत असेल, तर देऊ नका.

माझं स्पष्ट मत आहे की वाढदिवसाच्या आधी दोन-तीन महिने घरात बसून हे बोलावं. मुलाची कमाई असेल तर कपातीएवढी रक्कम त्याने दरमहा आईच्या खात्यात टाकावी. यात परकेपणा काही नाही. भाडं थकलं तर घर सगळ्यांचंच जातं. आणि मूल शिकायला किंवा नोकरीला दुसऱ्या गावी गेलं, परत आलं, की तारखेसकट लगेच कळवा. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जास्त दिलेला पैसा चूक त्यांची असली तरी परत मागता येतो, आणि तो पुढच्या महिन्यांतून कापला जातो.

आता पुण्याहून एमएस्सीला आलेला भाचा मावशीकडे राहतो, असं घर घ्या. मावशीला भाड्याची मदत मिळते, भाचा २१ च्या पुढचा आहे आणि घरच्यासारखा फुकट राहतो. त्याला स्वतःला एक पेनीही मागता येत नाही, तरी त्याच्यापायी मावशीची मदत कमी होते. तो रीतसर पैसे देऊन लॉजर (घरातली खोली भाड्याने घेणारा) म्हणून राहिला, तर ही कपात होत नाही आणि ते भाडं मावशीचं उत्पन्न म्हणूनही धरत नाहीत. पण मावशीला किती खोल्या लागतात या हिशोबात त्याची खोली मोजली जात नाही. कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) किंवा हाउसिंग असोसिएशनच्या (परवडणारी घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेच्या) घरात ती जास्तीची खोली ठरून वेगळी कपात लागू शकते. घरमालकाची परवानगीही लागते. दोन्ही हिशोब मांडून मगच त्याला बोलवा. भाच्यांनो, मावशीला हे तुम्हीच आधी विचारा, ती स्वतःहून बोलणार नाही.

काउन्सिल टॅक्सचं गणित वेगळं आहे. पूर्णवेळ विद्यार्थी तिथे मोजला जात नाही, त्यामुळे आई एकटी आणि मुलगा विद्यार्थी असेल तर घरात एकच मोठं माणूस असल्याची तिची २५ टक्के सूट टिकते. ही सूट पब्लिक फंड्समध्ये येत नाही, व्हिसावर असलेल्यांनीही निर्धास्त घ्यावी. कोर्स संपला, की विद्यार्थी म्हणून मिळणारी सवलत संपते. स्टुडंट व्हिसाचे काही महिने उरले असले किंवा ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला असला, तरी त्याने फरक पडत नाही. कौन्सिलला कोर्स संपल्याची तारीख कळवा, नाहीतर मागच्या महिन्यांचं बिल एकदम येतं.

हिशोब जमत नसेल तर सिटिझन्स अॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेकडे जा, सल्ला फुकट असतो. जाताना भाडेकरार, ई-व्हिसाचा शेअर कोड (आपला व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा कोड), मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा आणि युनिव्हर्सिटीचं कोर्सच्या तारखा असलेलं पत्र बरोबर ठेवा.