हायलुरोनिक ॲसिड: गुडघ्यात, डोळ्यात, ओठात... या चुका टाळा

हायलुरोनिक ॲसिड, म्हणजे पाणी धरून ठेवणारा एक बुळबुळीत पदार्थ, म्हटलं की हल्ली सगळ्यांना तोंडाला लावायचं सीरमच आठवतं, पण औषधात हे कितीतरी आधीपासून आहे. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते जनावराच्या डोळ्यातून वेगळं काढलं, मग कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायला लागले, आता बराचसा माल बॅक्टेरियाच्या फर्मेंटेशनमधून येतो. आपल्या अंगातही असतंच, ७० किलोच्या माणसात साधारण १५ ग्रॅम, आणि म्हणूनच लोक 'नॅचरल आहे ना, मग काय होतंय' म्हणून बिनधास्त होतात.

सगळ्यात जास्त आशा गुडघ्यात याचं जे इंजेक्शन देतात त्यावर. 'वंगण संपलंय, जेल सोडलं की झालं' असं कुणीतरी काका सांगतात आणि आपण ऑपरेशन टळलं म्हणून खूश! झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, त्याने परत येत नाही हो. दुखणं काही महिने कमी होऊ शकतं, तेही सगळ्यांचं नाही, अमेरिकेतल्या ऑर्थोपेडिक सर्जनांच्या संघटनेने तर २०२१ च्या गाइडलाइनमध्ये सरसकट देऊ नका असंच म्हटलंय. तरी घ्यायचं ठरलं तर अंड्याची, चिकनची, पिसांची ॲलर्जी असेल ती आधी सांगा, कारण काही ब्रँड अजून तुऱ्यापासूनच बनतात. आणि बरं वाटतंय म्हणून लगेच जिने चढत सुटू नका, ४८ तास दमानं घ्या. थोडी सूज येते, बर्फ लावा, पण गुडघा लाल-गरम झाला, ताप आला, पाय टेकवेना, तर 'रिॲक्शन असेल, उतरेल' म्हणत रात्र काढू नका, सांध्यात इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डोळे कोरडे पडतात म्हणून जे ड्रॉप्स देतात त्यावर 'सोडियम हायलुरोनेट' लिहिलेलं असतं, तेच हे. बाटलीचं टोक पापणीला टेकवू नका. दुसरे ड्रॉप्सही चालू असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर पहिलं औषध वाहून गालावर. दिवसातून सहा-आठ वेळा घालावं लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. आणि फोडल्यावर किती दिवस चालते ते बाटलीवर छापलेलं असतं, ते कुणी वाचतच नाही! मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येही डोळ्याच्या आत हेच जेल वापरतात, थोडं मागे राहिलं तर पहिल्या दिवसात डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं, तेव्हा त्या रात्री डोळा ठणकला, उलटीसारखं झालं तर नुसती पेनकिलर घेऊन झोपू नका.

ओठ-गाल भरीव दिसावेत म्हणून याचंच जेल टोचतात, ते फिलर पार्लरमध्ये तर अजिबात नको, दाबाने जेल आत सोडणारा बिनसुईचा 'हायलुरॉन पेन' पण नको, २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याबद्दल इशारा दिलाय. जेल रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरी पडते, दुखतं, क्वचित नजरही जाते. ते विरघळवणारं औषध आहे, हायलुरोनिडेज, पण ते ताबडतोब द्यावं लागतं. म्हणून खुर्चीत बसायच्या आधीच विचारा, ते इथे ठेवलंय का, आणि समोरचा गोंधळला तर पर्स उचला नि निघा.