जुन्या लॅपटॉपवरचा डेटा नव्या लॅपटॉपवर नेताना मराठी फाइलींची घ्यावयाची काळजी

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला नियमित अपडेट देणे थांबवले आणि तेव्हापासून अनेक घरांत व लहान कार्यालयांत जुन्या लॅपटॉपच्या जागी विंडोज 11 असलेला नवा लॅपटॉप येऊ लागला आहे. फोटो आणि फाइली नव्या लॅपटॉपवर नेणे फारसे अवघड नाही. मात्र वर्षानुवर्षे मराठीत टंकलेखन करणाऱ्यांच्या बाबतीत फाइल सुखरूप पोहोचूनही आतला मजकूर वाचता येत नाही असे घडू शकते, म्हणून पुढील सूचनांत त्या भागाला अधिक जागा दिली आहे.

डेटा नेण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क किंवा एसएसडी. ती एफएटी 32 पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर 4 जीबीहून मोठी एकही फाइल तिच्यावर जाणार नाही. लग्नाच्या चित्रीकरणासारख्या मोठ्या फाइली तिथेच अडतात. अशा वेळी डिस्क रिकामी करून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावी. वायर लॅपटॉपच्या यूएसबी 3 पोर्टमध्येच लावावी, कारण यूएसबी 2 ची कमाल गती सेकंदाला 480 मेगाबिट आहे, तर यूएसबी 3 ची सेकंदाला 5 गिगाबिटपासून सुरू होते. फाइली नेहमी कॉपी कराव्यात, कट करू नयेत. मध्येच वीज गेली किंवा वायर निसटली, तरी मूळ प्रत जागेवर राहते.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे फोल्डर सर्वांच्या लक्षात राहतात, पण डी ड्राइव्हवर किंवा थेट सी ड्राइव्हवर तयार केलेले फोल्डर सहज सुटतात. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण सेवा) वापरात असेल, तर ज्या फाइलीपुढे ढगाचे चिन्ह दिसते ती प्रत्यक्षात लॅपटॉपवर उतरलेली नसते. तिची प्रत डिस्कवर हवी असल्यास आधी ती पूर्ण उतरवून घ्यावी. आउटलुकमधील मेल पीएसटी फाइलीत साठवलेली असेल, तर आउटलुक बंद करूनच ती फाइल उचलावी. टॅलीचा डेटा टॅलीमधूनच बॅकअप घेऊन न्यावा आणि जुन्या लॅपटॉपवरील परवाना तिथून सरेंडर करावा, म्हणजे परत करावा.

आता मराठी फाइलींविषयी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, टाइप केलेला मजकूर नव्या विंडोजवर काहीही न करता दिसतो. परंतु श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या टंकलेखन सॉफ्टवेअरमधील डीव्हीबी-टीटी सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये तयार केलेल्या फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हे साठवलेली असतात आणि त्यांना देवनागरी रूप फक्त तो फॉन्ट देतो. तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नसला, की संस्थेचे इतिवृत्त असो वा जमिनीचा करारनामा, पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांग दिसते. फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकण्याची घाई कृपया कोणी करू नये.

त्यासाठी जुना लॅपटॉप चालू असतानाच सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरात जाऊन तिथल्या फॉन्ट्स फोल्डरातील सर्व मराठी फॉन्टची प्रत घ्यावी. अलीकडच्या विंडोजमध्ये एकाच वापरकर्त्यापुरते बसवलेले फॉन्ट त्याच्या अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरात असतात, तेव्हा लपलेले फोल्डर दाखवण्याची सोय चालू करून तिथेही पाहावे. नव्या लॅपटॉपवर फॉन्टवर राइट-क्लिक करून तो सर्व वापरकर्त्यांसाठी बसवावा. कायमस्वरूपी जपायच्या कागदपत्रांची मात्र जुन्या लॅपटॉपवरच फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढून ठेवावी असा माझा आग्रह आहे, कारण फॉन्ट पुढे कधी हरवला तरी ती वाचता येते. मजकुरात पुढेही बदल करायचे असतील, तर तो परिवर्तकाने (जुन्या फॉन्टमधील मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रामने) युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेत. चुका बहुधा तिथेच होतात.

प्रोग्राम कॉपी करून चालत नाहीत, ते नव्याने बसवावे लागतात. डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनमध्येच असते, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर फक्त तिचा ड्रायव्हर लागतो. ब्राउझरमधील पासवर्ड सिंक करून, म्हणजे दोन्हीकडे एकाच खात्याने लॉग-इन करून, न्यावेत. त्याऐवजी पासवर्डची फाइल काढून नेल्यास ते त्या फाइलीत उघडे लिहिलेले असतात, म्हणून काम होताच ती कायमची पुसावी.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडील फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या व एकूण आकार जुळवावा, आणि प्रत्येक प्रकारच्या काही फाइली नव्या लॅपटॉपवर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. जुना लॅपटॉप सुरूच होत नसेल, तर त्याची डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून वाचता येते; मात्र ती बिटलॉकर या विंडोजच्या कुलूप लावणाऱ्या सोयीने बंद असल्यास 48 अंकी रिकव्हरी की लागते, जी बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

जुना लॅपटॉप विकण्यापूर्वी निदान एखादा महिना तसाच ठेवावा. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमधील रिसेट धिस पीसीमध्ये सर्व काही काढून टाकण्याचा पर्याय निवडून त्यातील ड्राइव्ह साफ करण्याची सोयही चालू करावी. ती चालू नसेल, तर पुसलेल्या फाइली पुन्हा मिळवणे अनेकदा शक्य असते.