पाऊस तोंडावर आलाय, ओढ्याचा काठ नांगरू नका

रोटाव्हेटर ओढ्याच्या कडेपर्यंत न्यायचा बेत असेल तर तो आजच सोडा. पिकाच्या दोन ओळी जास्तीच्या मिळाव्यात म्हणून लोक अगदी धारेपर्यंत नांगरतात. मग पहिल्या मोठ्या पावसात काठ ढासळतो आणि चार ओळी उभ्या पिकासकट वाहून जातात. दरवर्षी हेच बघतोय.

नुसती माती जात नाही. खतातलं स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना चिकटून जातं, नायट्रेट पाण्यात विरघळून. त्या खतावर खालच्या डोहात शेवाळ माजतं, मेल्यावर कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घेताना दिसले तर पाणी बिघडलंय. गाळाला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर जास्तच.

तपासणी दोनदा करा, आत्ता आणि पहिल्या पुरानंतर. शेताच्या वरच्या बाजूचा एक नमुना, खालचा एक. फरक दिसला तर घाण आपल्याच शेतातून जातेय.

- बाटली ओढ्याच्याच पाण्याने तीनदा विसळा
- प्रवाहाच्या मध्यातून, पृष्ठभागाच्या वीतभर खालून भरा
- सावलीत, थंड ठेवून 24 तासांत प्रयोगशाळेत द्या

ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) 0.75 डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर बहुतेक पिकांना चालतं. 2.25 च्या वर गेली तर घेवड्यासारखी नाजूक पिकं त्या पाण्यावर घेऊ नका. आरएससी (पाण्यातलं शिल्लक सोडियम कार्बोनेट) लिटरला 1.25 मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर निर्धास्त राहा, 2.5 च्या वर गेला तर जिप्सम लागेल: कमी करायच्या दर 1 मिलिइक्विव्हॅलंटमागे 1000 लिटरला 86 ग्रॅम शुद्ध जिप्सम. पण ईसी जास्त म्हणून कुणी जिप्समच्या गोण्या गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ईसी त्याने उतरत नाही.

माझी स्वतःची परीक्षा साधी आहे. दगड उलटा करून बघतो. खाली तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या वळवळत असतील तर जीव भांड्यात पडतो. गाळात नुसते लालभडक किडे असतील तर वरच्या अंगाला शेणखताचा ढीग नाहीतर सांडपाणी शोधायला निघतो.

ओढा शुद्ध करणारं जिवाणू कल्चर विकायला येतील. वाहत्या पाण्यात ओतलेलं पहिल्या लोंढ्याबरोबर जातं, पैसे तेवढे वाया जातात. ब्लीचिंग पावडर तर नकोच, मासे मरतात.

पुन्हा काठाकडे. धारेपासून निदान 5 ते 10 मीटर पट्टा सोडा, उतार जास्त असेल तर आणखी. तिथे नांगर नाही, खत नाही, तणनाशक नाही. जे गवत उगवेल ते वाढू द्या, बी विकत आणू नका. काठ आधीच ढासळला असेल तिथे वाळ्याचे ठोंब 10 ते 15 सेंटीमीटर अंतराने, उताराला आडवे लावा.

बाकीची कामं:
- फवारणी पंप ओढ्यात धुऊ नका, विसळलेलं पाणी शेतातच फवारा
- युरिया हप्त्याने द्या, मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा
- शेणखताचा ढीग काठापासून लांब हलवा
- जनावरांना एकाच ठिकाणी, दगड घातलेल्या वाटेने पाण्यावर न्या

यातलं काही राहिलं तर पुढच्या आठवड्यात करा. काठाचा पट्टा मात्र रोटाव्हेटर रानात घालायच्या आधी खुंट्या ठोकून आखा, नाहीतर चालवणारा सवयीने धारेपर्यंत जातोच.